पदं गाळली तरी चालतं

पदं न गाता वाचन केलं तर राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे संगीत नाटक अर्धंच राहतं, असं म्हणतात; हे मत मला पटत नाही. मुळात त्यातली पदं गडकऱ्यांची नाहीतच, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. नाटक रंगमंचावर आलं ते १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर. त्यांचा सगळा जीव गद्यात आहे!

आमच्या गावच्या वाचनालयात हौशी मंडळींनी मागे पदांशिवाय वाचन केलं. एसटीतून निवृत्त झालेले एक काका दारुड्या तळीरामाची भूमिका वाचत होते. आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाच्या, प्रवेशाला हशा उसळला, पण नायिका सिंधूच्या शेवटच्या प्रवेशात पुढच्या बाकावरच्या आजींनी चष्मा काढून पदर डोळ्यांना लावला. वाचणारीचाही आवाज फुटेना, पान उलटायचं राहून गेलं.