मदत हवी आहे: शाळेच्या इंटरॅक्ट क्लबचा चार्ज नव्या पोरांकडे कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी, मी नाशिकमधल्या एका शाळेत शिक्षक, इंटरॅक्ट क्लब (रोटरी क्लबच्या मदतीने चालणारा शाळकरी पोरांचा समाजसेवेचा क्लब) माझ्याकडे आहे. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, पण आमची जुनी टीम दहावीची, ती मार्चमध्ये परीक्षा देऊन गेली ती गेलीच. मागे उरली एक वही, त्यात "गोदाघाट, निर्माल्य, 40 पोती" एवढंच. पोती कुठून आणली, घंटागाडीसाठी कोणाला फोन केला, काही नाही, सगळं अध्यक्षाच्या डोक्यात नाहीतर त्याच्या आईच्या व्हॉट्सॅपवर.

एकदा मतदान घेऊन बघितलं तर वर्गातला क्रिकेटवाला निवडून आला (पोरगा गोड आहे, पण मीटिंगला येईल तर शपथ). गेल्या वर्षी आठवीतली दोघं मोठ्यांच्या जोडीला दिली, तर मोठ्यांनी त्यांना पाणी आणायलाच पाठवलं. शाळेत मोबाइल बंद, क्लासेसमुळे फक्त शनिवारची दुपार मिळते आणि गणपती विसर्जन तोंडावर आलंय. रोटरीचे काका मदत करतात, पण पोरांची रोजची कामं त्यांना कुठून माहीत असणार.

ज्यांच्याकडे असा क्लब चालतो त्यांनी सांगा, पुढचा अध्यक्ष दिवाळीनंतरच निवडून दहावीवाल्यांसोबत दोन-तीन महिने काम करायला लावलं तर जमतं का, आणि जाणाऱ्या पोरांकडून वहीत नेमकं काय काय लिहून घेता?