पेपर टेक्निकल चेकमधूनच परत आला: फिगर, एरर बार आणि थीसिसशी साम्य

मीठपाणी
विषय ज्वारीच्या रोपांवर क्षारताणाचा परिणाम. पाच फिगर, तीन टेबलं. जर्नलच्या टेक्निकल चेकमधून (रिव्ह्यूआधीची स्वरूपाची तपासणी), रिव्ह्यूला न जाताच चौथ्या दिवशी फाइल परत आली. कारणं तीन: फिगरचं रेझोल्यूशन कमी, एरर बार (स्तंभांवरच्या, आकड्यातला फरक दाखवणाऱ्या उभ्या रेघा) कशाचे ते लिहिलेलं नाही, मजकुराचं साम्य ३८ टक्के. आलेख एक्सेलमधले, पॉवरपॉइंटच्या एका स्लाइडवर चार-चार जुळवून जेपीईजी केलेले. फोटोशॉपमध्ये डीपीआय (इंचामागे ठिपके) ७२ च्या जागी ३०० टाकून पाहिलं, तरी तेच. साम्य बहुतेक माझ्याच थीसिसशी आहे, तो शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) आहे. सगळं पुन्हा काढायचं का?

तिफण
डेटा तोच राहील, आलेख मात्र नव्याने बाहेर काढावे लागतील. डीपीआयचा आकडा बदलून काही होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात. रीसॅम्पल चालू ठेवून आकडा टाकला तर पिक्सेल वाढतात खरे, पण ते आजूबाजूच्यांवरून अंदाजाने भरलेले असतात आणि रेषा धूसर होतात.

हिशेब असा. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंचांची. सेटिंगला हात न लावता चित्र म्हणून सेव्ह केली की ९६ डीपीआयने १२८० x ७२० पिक्सेल मिळतात. १९० मिमी रुंदीची फिगर ३०० डीपीआयला छापायची तर २२४४ लागतात. शिवाय स्लाइडवर १२ पॉइंटची दिसणारी अक्षरं १९० मिमीवर आणली की ६.७ पॉइंट होतात, ९० मिमीच्या एका कॉलमात ३.२. ती वाचणार कोण?

म्हणून आधी छापील रुंदी ठरवा, मग त्याच मापात आलेख काढा. एक्सेलमध्ये चार्टची रुंदी मिमीत बसवा, अक्षर एरियल ८ पॉइंट ठेवा आणि पीडीएफ करा. इथे एक खोच आहे: चार्ट निवडलेला असताना पीडीएफ केली तर तो पानभर ताणला जातो आणि माप बिघडतं. शेजारच्या रिकाम्या सेलवर क्लिक करून, स्केल १०० टक्के ठेवून करा. पुढची जुळवाजुळव इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये, पान बरोबर १९० मिमी रुंद ठेवून. जर्नल पीडीएफ किंवा ईपीएस घेत असेल तर तेच द्या; त्यात पिक्सेलऐवजी रेषाच साठवलेल्या असतात, डीपीआयचा प्रश्नच उरत नाही.

टिफच (पिक्सेलची चित्रफाइल) मागत असतील तर ती पीडीएफ गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये ३०० डीपीआयने उघडा, फ्लॅटन करा (सगळे थर एक करा), चित्र न बिघडवणारं एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावून एक्स्पोर्ट करा. कॉम्प्रेशन विसरू नका. उदाहरणार्थ प्लॉस वन या जर्नलची कमाल मर्यादा २२५० x २६२५ पिक्सेल. तेवढी रंगीत टिफ कॉम्प्रेशनशिवाय १७.७ एमबी होते आणि त्यांना १० एमबीच्या आत हवी असते. स्तंभालेखात पांढरी जागाच जास्त, त्यामुळे फाइल पुष्कळ लहान होते.

जेपीईजी आलेखांना नकोच. अक्षरांभोवती जी करडी धूळ दिसते ती त्याचीच.

पेट्रीप्लेट
एरर बारबद्दल आधी एक विचारते: ते एक्सेलच्या ‘स्टँडर्ड एरर’ पर्यायातून थेट घेतलेत का? सगळ्या स्तंभांवर बार एकाच उंचीचे दिसत असतील तर बहुधा तसंच झालंय. एक्सेल तो आकडा तुमच्या रेप्लिकेटवरून (त्याच प्रयोगाच्या पुनरावृत्ती) नाही, आलेखात टाकलेल्या सरासऱ्यांवरून काढतं. त्याला काही अर्थ नाही. ‘कस्टम’मध्ये जाऊन स्वतः काढलेल्या एसडीची (स्टँडर्ड डिव्हिएशन, आकड्यांचा पसारा) रेंज द्या.

दुसरं, एन, म्हणजे स्वतंत्र नमुने, किती? तीन कुंड्या आणि प्रत्येकीतून तीन वाचनं, तर एन ३ आहे, ९ नाही. एकाच कुंडीतली तीन वाचनं तुमच्या मोजमापातली चूक सांगतात, रोपारोपांतला फरक नाही. आधी कुंडीची सरासरी, मग त्या सरासऱ्यांवर अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी). ९ धरून केलं असेल तर पी-व्हॅल्यू (फरक खरा की योगायोग हे ठरवणारे आकडे) फसव्या आहेत. हे टेक्निकल चेकमधून सुटेल, पण रिव्ह्यूअर धरेल.

एन ३ असताना एसई (स्टँडर्ड एरर) हा एसडीच्या ५८ टक्केच असतो, म्हणून बार देखणे दिसतात. मी एसडीच देईन, आणि स्तंभावर प्रत्येक कुंडीचे ठिपके. कॅप्शन असं: ‘स्तंभ सरासरी, बार एसडी, एन = ३ कुंड्या; समान अक्षर नसलेले स्तंभ ट्युकी चाचणीनुसार भिन्न, पी < ०.०५.’

जुनी_प्रत
३८ टक्के हा एकूण आकडा आहे. सविस्तर रिपोर्ट मागवा आणि स्रोतवार बघा. थीसिसला आधीचं प्रकाशन न मानणारी जर्नलं बरीच आहेत, पण त्यांच्या सूचनांत तसं लिहिलंय का ते तपासा आणि कव्हर लेटरमध्ये स्पष्ट सांगा: हे काम अमुक विद्यापीठाच्या प्रबंधाचा भाग असून तो शोधगंगावर उपलब्ध आहे. मटेरियल्स-मेथड्समधली जुळणी फारशी कोणी धरत नाही. प्रस्तावना आणि चर्चा मात्र नव्याने लिहा; प्रबंधाची चर्चा पेपरला तशीही लांबच असते. शब्द उलटसुलट करून टक्का खाली आणायच्या फंदात पडू नका, वाक्यं विचित्र होतात आणि रिव्ह्यूअरला लगेच कळतं.

मीठपाणी
बार खरंच सगळीकडे एकाच उंचीचे आहेत! एन ९ धरला होता, आता अनोव्हा परत करतो. आणखी एक: लेखकांत विभागप्रमुखांचं नाव रीतीप्रमाणे घालायचं असं गाइड म्हणतात. कामात त्यांचा सहभाग नाही, प्रयोगशाळा वापरू दिली.

जुनी_प्रत
मग आभारात. लेखक ठरायला आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार अटी एकत्रच लागतात: कामात ठोस वाटा, लेखन किंवा दुरुस्ती, अंतिम प्रतीला मंजुरी आणि जबाबदारी. गाइडना हे सांगणं अवघड असेल तर क्रेडिटचा (कोणत्या लेखकाने काय केलं हे नोंदवायची पद्धत) १४ भूमिकांचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवा आणि प्रत्येकाच्या नावापुढे भूमिका भरायला सांगा. रकाना रिकामा राहिला की तुम्हाला बोलावं लागत नाही. मात्र हे आत्ताच करा. नंतर नाव वाढवायचं वा काढायचं तर बहुतेक ठिकाणी सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात.

तिफण
पुन्हा पाठवताना पोर्टल जी पीडीएफ तयार करतं ती शेवटपर्यंत वाचा, विशेषतः एककं. वर्डमध्ये म्यू (µ, मायक्रोचं चिन्ह) हे अक्षर सिम्बॉल फॉन्टमधून टाकलं असेल तर फॉन्ट बदलताच त्याचं साधं एम होतं, आणि १०० मायक्रोमोलर प्रोलिन १०० मिलिमोलर होऊन बसतं. हजारपट! इन्सर्ट-सिम्बॉलमधून युनिकोडचं म्यू घ्या. लाइन नंबर ‘कंटिन्युअस’ ठेवा, दर पानाला १ पासून सुरू होणारे नकोत. मग अप्रूव्ह दाबा.