मुंबईत राहणाऱ्याने स्वस्त मड-टेरेन टायर घ्यावेत का?

मुलुंडची थार

माझ्या थारला १६ इंची लोखंडी रिम असून टायरचा मूळ आकार २४५/७५ आर १६ आहे. टायर आता गोटे होत आले आहेत आणि जूनच्या आत ते बदलणे भाग आहे. मुरबाडच्या पुढे आमची थोडी भातशेती आहे. डांबरी रस्ता संपल्यावर घरापर्यंत दीड किलोमीटर पाणंद लागते आणि आषाढ-श्रावणात ती पाणंद न राहता खाचर होते. गेल्या जुलैत फोर-व्हील-ड्राइव्ह लावूनही गाडी तिथेच बसली. उतरून पाहिले तर चारही टायरची नक्षी लिंपून काढल्यासारखी भरली होती, एकही खाच दिसत नव्हती, आणि चाक जागच्या जागी फिरत होते ते कुंभाराच्या चाकासारखे गुळगुळीत. शेवटी शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, कमी प्रसिद्ध कंपनीचे का होईना, पण मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे टायरच घ्यावेत. त्यांच्या नक्षीतल्या रबरी गट्टूंमध्ये अंतर मोठे असते. त्यामुळे चाक वेगाने फिरले की अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेरीला रबराची कड पुन्हा मातीत रुतते. बीएफगुडरिचचा केएम३ किंवा योकोहामाचा जिओलँडर एम/टी माझ्या आवाक्याबाहेर आहे. स्टेपनी धरून पाच टायर ५५ हजारांत बसवायचे आहेत. यात काही चुकत असेल तर सांगावे.

घोडबंदरवाला

चुकते आहे, आणि ते किमतीत नसून किलोमीटरमध्ये आहे. मुलुंडहून मुरबाडच्या पुढे जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटर डांबर आणि काँक्रीट आहे, आणि पाणंद आहे दोन्ही वेळची मिळून तीन किलोमीटर. शिवाय उरलेले पाच दिवस हीच गाडी कचेरीला जात असणार. म्हणजे ज्या तीन किलोमीटरसाठी आपण टायर घेत आहात, त्यांची किंमत उरलेले सर्व किलोमीटर भरणार आहेत: आवाजात, डिझेलमध्ये आणि मुख्य म्हणजे ब्रेकमध्ये.

मी स्वतः दोन पावसाळे मड टायर वापरले आहेत. गायमुखच्या उतारावर एका सकाळी पुढचा डंपर थांबला आणि मी नेहमीच्या अंतरावरून ब्रेक दाबला. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पायाखाली थरथरत राहिले, गाडी सरळ राहिली, पण थांबेना. थांबली तेव्हा डंपरच्या मागच्या पाटीवरचा नंबर माझ्या बॉनेटला जवळजवळ टेकला होता. गट्टू मोठे आणि विरळ असल्यामुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी असते, आणि ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या बारीक चिरा त्या गट्टूंवर फारशा नसतात. स्वस्त टायरमध्ये रबरही बहुधा कडक वापरलेले असते. मुंबईचा पाऊस चार महिन्यांचा आहे आणि त्यातला फार थोडा तुमच्या पाणंदीवर पडतो. चांगल्या देशी कंपनीचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे टायर घ्यावेत.

मुलुंडची थार

आपला मुद्दा मान्य आहे, परंतु कल्याण-मुरबाड रस्त्यावर पावसाळ्यात साठच्या वर काटा नेण्याची सोयच नाही. अंतर राखून चालवणे माझ्या हातात आहे. पाणंदीतला चिखल मात्र माझ्या हातात नाही. ऑल-टेरेनने माझा प्रश्न अर्धाच सुटेल, आणि अर्ध्या वाटेत अडकलेली गाडी पूर्ण अडकलेलीच असते.

कुर्ल्याचा टायरवाला

मी याच धंद्यात आहे, म्हणून माझ्या बोलण्यात स्वार्थ शोधायचा तर खुशाल शोधावा. "स्वस्त" या एका शब्दाखाली गिऱ्हाइकाला तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, कमी नावाजलेल्या कंपनीचा नवा टायर. हा वाईटच असतो असे नाही. त्यावर आयएसआयची खूण आहे ना आणि भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, एवढे नक्की पाहावे. दुसरी, वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला परदेशी माल. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली आणि परवान्याशिवाय माल आणणे बंद झाले. त्यानंतर काही ठिकाणी जुना साठाच पुढे सरकवला गेला. तिसरी वस्तू म्हणजे रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या सांगाड्यावर चढवलेली नवी नक्षी. ट्रकच्या मागच्या चाकांना तो व्यवहार ठीक आहे. परंतु हवा कमी करून दगडगोट्यांतून जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना मी तो कधीही लावणार नाही, आणि कोणी मागितला तरी लावून देणार नाही.

टायर घेताना उत्पादनाचा आठवडा स्वतः वाचावा. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात; "४०२१" म्हणजे २०२१ सालातला चाळिसावा आठवडा. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि पॉलिश मारलेल्या टायरची नेमकी ती बाजू भिंतीकडे करून ठेवलेली असते. मोबाइलचा दिवा घेऊन टायर फिरवून पाहावा, त्यात लाज कसली? तीन वर्षांहून जुना टायर असेल तर भाव कितीही उतरला तरी सोडून द्यावा.

जुनी जीप

येथे सगळे टायरच्या नक्षीवर बोलत आहेत आणि हवेचा नुसता ओझरता उल्लेख आहे, याचे आश्चर्य वाटते. आमच्या जीपला ६.००-१६ चे अरुंद, एनडीएमएस म्हणजे लष्करी नक्षीचे टायर होते. आत ट्यूब, किंमत आजच्या मानाने क्षुल्लक, आणि त्यांवर आम्ही कर्जतच्या आसपासच्या वाटा पावसाळ्यात तुडवल्या आहेत. अरुंद टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत पोहोचतो. आजचे रुंद टायर त्याच चिखलावर तरंगत बसतात. अर्थात तळ कठीण असेल तरच हे खरे. तळच मऊ असेल तर रुंद टायर बरा.

थारवाल्यांना माझा प्रश्न असा की, गेल्या जुलैत गाडी बसली तेव्हा हवा किती होती? रस्त्यावरचीच बत्तीस पीएसआय असेल, तर दोष टायरचा की चालकाचा? डांबरी सोडताना हवा अठरा-वीसवर आणली असती तर टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबला असता, आणि कदाचित ट्रॅक्टरची गरजच पडली नसती. बाराव्होल्टी कॉम्प्रेसर पाच टायरपेक्षा पुष्कळ स्वस्त येतो.

बोरिवलीची जिम्नी

काकांशी हवेबाबत मी पूर्ण सहमत आहे, पण हवा कमी केल्याने भरलेली नक्षी रिकामी होत नाही, आणि थारवाल्या दादांची तक्रार नेमकी तीच आहे. चिकट मातीत मी ऑल-टेरेनवर अठराच्या हवेतही फिरत राहिले आहे; मागून आलेली मड टायरची गाडी मात्र चाकोरीच्या कडा बाजूच्या गट्टूंनी पकडत निघून गेली. म्हणून मड टायर नकोतच, असे मी म्हणणार नाही.

परंतु आकार वाढवू नये. दुकानदार "दादा, जरा मोठे घाला, दिसतेही छान" असे सांगतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे स्पष्ट केले, आणि अपघातानंतर विमा कंपनी हे सर्व बारकाईने पाहते. माझ्या जिम्नीला १९५/८० आर १५ आहेत आणि मी त्यावरच राहिले. पाचवा टायर मात्र त्याच आकाराचा घ्यावाच. आपल्या दोघांच्याही गाड्यांत फोर-व्हील-ड्राइव्ह लावली की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधला जातो. स्टेपनी लहान-मोठी असेल तर ताण गिअरवर येतो.

खरा उपाय दोन संचांचा आहे: जुन्या बाजारातून लोखंडी रिम घेऊन त्यावर मड टायर चढवावेत व ते जून ते सप्टेंबर वापरावेत. घोडबंदरवाल्यांची ब्रेकची भीती तेवढे महिने उरतेच, हे कबूल. निदान वर्षभर तरी ती डोक्यावर राहत नाही. फक्त मुंबईत चार चाके ठेवायची कुठे? मी जिन्याखाली ठेवली, तर तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर माझ्या फ्लॅटचा क्रमांक लागला.

घोडबंदरवाला

जून ते सप्टेंबर म्हणजे नेमके तेच महिने, ज्यांत ओल्या रस्त्यावर मड टायर सर्वांत धोकादायक असतो. ताई, हा उपाय उलटा झाला. दुसरा संच ठेवायचाच असेल तर तो गावी ठेवावा.

मुलुंडची थार

गावी ठेवावा, हे मला सुचलेच नव्हते. आमच्या पडवीत जागा आहे. पाणंद सुरू होते तिथे डांबरीच्या कडेला जॅक लावून चार चाके बदलायला पाऊण तास जाईल, आणि तोही पावसात. शिवाय संच पडवीत आणि पडवी पाणंदीच्या पलीकडे, हा पेच उरतोच. नाक्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारून पाहावे लागेल.

काकांना उत्तर: हवा बत्तीसच होती. म्हणून निर्णय पुढे ढकलतो. आता रोजच्या वापराला देशी ऑल-टेरेनचे पाच टायर आणि एक कॉम्प्रेसर घेतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर हवा अठरावर आणून पाणंदीत उतरतो. बसलो तर ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले आहे. त्यांनी हसून विचारले की या वर्षी किती वाजता येऊ.