मदत हवी आहे : बुसान नक्की कुणाचं? (दक्षिण कोरिया, तातडीचं)

अनघा_के
दोन दिवस डोकं धरून बसलेय. एका पुस्तकात बुसान शहर हा विरोधकांचा बालेकिल्ला, दुसऱ्यात तेच बुसान उजव्यांचं. पक्षांची नावंही सारखी बदलतात. तक्ता उद्या सकाळी पाठवायचा आहे. बुसान कुठल्या रकान्यात टाकू? प्लीज लवकर सांगा.

सुहास जोग
तक्ता कशाचा? पुस्तकं कुठल्या सालातली? त्याशिवाय काय सांगणार?

बखरवाला
कोरियातले गट समजून घ्यायचे तर १५७५ पासून सुरुवात करा. जोसन या कोरियातल्या जुन्या राजघराण्याच्या दरबारात एका नेमणुकीच्या पदावरून पूर्ववाले आणि पश्चिमवाले असे दोन तट पडले. पुढे पूर्ववाल्यांतून दक्षिणवाले आणि उत्तरवाले निघाले. १६८०, १६८९, १६९४, तीनदा सत्ता उलटली आणि दर वेळी हरलेल्यांची रवानगी वनवासात किंवा मृत्युदंडाकडे. फार रोमहर्षक काळ आहे.

अनघा_के
बखरवाला काका, जोसन नकोय हो! निवडणुकांबद्दल विचारतेय.

मिनल_सोल
मी इथे सहा वर्षं राहतेय. प्रांताचं गणित आता जुनं झालं. वय बघा. चाळिशी-पन्नाशीतले उदारमतवादी डेमोक्रॅटिक पक्षाकडे, साठीच्या पुढचे उजव्यांकडे. २०२२ मध्ये तरुण मुलगे आणि मुलीसुद्धा वेगवेगळ्या बाजूंना गेले. उजव्यांचे युन सुक-यओल राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जेमतेम ०.७३ टक्क्यांनी जिंकले.

सुहास जोग
मिनलताई, प्रांत जुना झाला म्हणता, मग २०२४ ला बुसानच्या १८ पैकी १७ जागा उजव्यांना कशा मिळाल्या? आणि होनाममध्ये, म्हणजे नैर्ऋत्येकडच्या प्रांतांत, त्यांना एकही का नाही?

मिनल_सोल
जागा म्हणजे मतं नव्हेत. २०१७ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे मून जे-इन बुसानमध्ये पहिले होते, तेही विसरू नका.

अनघा_के
भांडू नका ना. पहिलं पुस्तक १९८३ चं आहे, दुसरं २००५ चं.

सुहास जोग
हे आधी सांगायचं! मग दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. किम यंग-सॅम बुसानचे नेते, हुकूमशाहीचे कडवे विरोधक. १९७९ मध्ये त्यांना संसदेतून काढलं आणि काही दिवसांत बुसान आणि जवळचं मासान शहर पेटलं. १९८७ ला राष्ट्राध्यक्षपदाची थेट निवडणूक आली, तेव्हा ते आणि होनामचे विरोधी नेते किम डे-जुंग दोघेही उभे राहिले. मतं फुटली आणि लष्करी गटाचे रोह ते-वू ३६.६ टक्क्यांवर निवडून आले. पण १९८८ ला संसदेत सरकारपक्षाला २९९ पैकी १२५ च जागा. म्हणून जानेवारी १९९० मध्ये रोह, किम यंग-सॅम आणि आणखी एका विरोधी पक्षाचे किम जोंग-पिल यांनी पक्ष एकत्र केले. होनाम एकटं पडलं आणि बुसान आपल्या नेत्यामागून सत्तेच्या गोटात गेलं. किम यंग-सॅम यांच्याच पक्षातल्या रोह मू-ह्युन यांनी त्या विलीनीकरणाला नकार दिला. पुढे बुसानमधून ते पुन्हा पुन्हा हरले, तरी २००२ ला राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मला त्या माणसाबद्दल आजही फार आदर वाटतो.
तुमच्या तक्त्यात १९९० ला उभी रेघ मारा.

पल्लवी२१
कोरियन भाषेचा ऑनलाइन क्लास कुणी सुचवेल का? नोकरीसाठी हवाय.

अनघा_के
सुहासदादा, जीव वाचवलात! बुसानचे दोन रकाने केले. डेगू शहर मात्र पहिल्यापासून उजवंच ना? तिथे एकच रकाना ठेवते.

बखरवाला
थांबा! २८ फेब्रुवारी १९६० ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या सरकारविरुद्ध शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, ती डेगूमध्येच. तक्ता कुठल्या सालापासून सुरू होतो?