मदत हवी आहे: काळ-कामाच्या गणितात कोणी मध्येच काम सोडलं की माझं उत्तर चुकतं

नमस्कार. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करते आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. व्याकरण आणि चालू घडामोडी बऱ्या जमतात, पण काळ-काम आलं की मी अडकते. क्लास लावलेला नाही, घरीच अभ्यास करते. जवळ विचारायला कोणी नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

काल सोडवलेल्या सरावपेपरातलं गणित असं होतं:

अ एक काम १२ दिवसांत करतो, ब तेच काम १८ दिवसांत करतो. दोघांनी मिळून सुरुवात केली, पण काम संपण्याच्या ३ दिवस आधी अ काम सोडून गेला. तर एकूण किती दिवस लागले?

मी असं केलं: १/१२ + १/१८ = ५/३६. तीन दिवसांत १५/३६ काम झालं, उरलं २१/३६. ते एकट्या ब ने केलं, म्हणजे आणखी साडेदहा दिवस. एकूण साडेतेरा. पर्यायांत साडेतेरा होतंही, म्हणून बिनधास्त गोल केला. उत्तरसूचीत ९ आहे. मग वाटलं, दोघांना मिळून ७.२ दिवस लागतात, त्यात ३ मिळवायचे असतील. तेही जुळत नाही.

शिवाय अपूर्णांकांच्या बेरजेतच माझी दोन मिनिटं जातात. सूत्रं पाठ आहेत, पण गणित जरा फिरवून दिलं की कुठलं सूत्र लावायचं ते कळत नाही. कृपया सूत्र देऊ नका, विचार कसा करायचा ते सांगा.

---

उत्तर १

ताई, तुमची आकडेमोड बरोबर आहे. तुम्ही वेगळंच गणित सोडवलंत. “३ दिवसांनी सोडून गेला” याचं उत्तर साडेतेराच येतं. इथे “संपण्याच्या ३ दिवस आधी” म्हटलंय, म्हणजे ते तीन दिवस शेवटचे.

अपूर्णांक सोडा. काम म्हणजे खुरपायचं रान समजा. १२ आणि १८ चा लसावि ३६, तर रानात ३६ सऱ्या धरा. अ रोज ३ सऱ्या खुरपतो, ब रोज २. शेवटचे तीन दिवस ब एकटा आहे, त्याने ६ सऱ्या केल्या. बाकीच्या ३० सऱ्या दोघांनी मिळून, रोज ५ प्रमाणे, ६ दिवसांत. ६ आणि ३ मिळून ९.

अ आणि ब ला एकेकट्याने लागणाऱ्या दिवसांची (१२ आणि १८) बेरीज कधी करायची नाही, रोजच्या सऱ्यांचीच करायची. दिवस कमी लागतात तो माणूस जास्त काम करतो, म्हणून दिवस जोडले की सगळं उलटं होतं. तुम्ही १/१२ + १/१८ करता तेव्हा हेच करता, फक्त अख्खं रान १ धरता. ३६ धरलं की पूर्णांकांत काम होतं, एवढाच फरक.

---

उत्तर २

वरच्या उत्तराला जोडून. नळ-टाकीही याच पद्धतीने करा, रिकामी करणारी तोटी वजा धरायची. एक नळ ६ तासांत टाकी भरतो, दुसरा ८ तासांत, तोटी १२ तासांत रिकामी करते. लसावि २४, म्हणून ४ + ३ − २ = ५. २४ भागिले ५ म्हणजे ४.८ तास. इथे बरीच मुलं घाईत ४ तास ८ मिनिटांचा पर्याय निवडतात. ०.८ ला ६० ने गुणायचं, म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. माझ्या मुलीने हीच चूक सलग दोन पेपरांत केली होती, म्हणून मुद्दाम सांगते.

---

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सऱ्यांचं लगेच डोक्यात बसलं, सुट्टीत आईबरोबर खुरपायला जाते मी. पात धरली की कोण पुढे, कोण मागे ते रोज डोळ्यांनी दिसतं, आणि तेच मी वहीत शोधत होते.

रात्री अजून एक सोडवलं. अ व ब १२ दिवसांत, ब व क १५ दिवसांत, क व अ २० दिवसांत, तर तिघं मिळून? ६० सऱ्या धरल्या. ५ + ४ + ३ = १२, पण यात प्रत्येक जण दोनदा मोजला गेलाय, म्हणून तिघांच्या मिळून रोज ६. उत्तर १० दिवस. आधी हेच मी ५ लिहून यायचे.

एक शंका उरलीय. ४ पुरुष किंवा ६ स्त्रिया एक काम २० दिवसांत करतात, तर ६ पुरुष आणि ११ स्त्रिया किती दिवसांत करतील? इथे दिवस एकच दिलेत, मग लसावि कशाचा घ्यायचा?

---

उत्तर १

लसावि नकोच. “किंवा” हा शब्द पकडा. ४ पुरुषांचं काम = ६ स्त्रियांचं काम, म्हणून ६ पुरुष = ९ स्त्रिया. त्यात ११ मिळवल्या की २० स्त्रिया झाल्या. ६ स्त्रियांना २० दिवस, म्हणजे एकूण काम १२० रोजांचं. २० स्त्रिया असतील तर ६ दिवस. “किंवा” च्या जागी “आणि” असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही, दुसरी अट द्यावीच लागते. प्रश्न वाचतानाच त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारत जा.