मँडरिन मासा घरच्या टाकीत ठेवावा का?

प्रवाळवेडा: माझ्या मते हा मासा विकायलाच नको. पश्चिम प्रशांतात, जपानच्या रियुक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, शांत उथळ पाण्यात तुटक्या प्रवाळाच्या ढिगाऱ्यात राहणारा हा बोटाएवढा जीव. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा! लोक रंगाला भुलून घेतात, मग पोट खपाटीला जाऊन तो मरतो.

टाकीवाला: उपाशी मरतो तो नव्याकोऱ्या टाकीत. त्याला दिवसभर कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव, लागतात, ते मुरलेल्या खडकांतच वाढतात. माझा नर तीन वर्षं मजेत आहे. दगडाजवळ थबकतो, डोळा फिरवतो, टोच मारतो, पुढे सरकतो. दिवसभर हाच उद्योग. चूक माशाची की घाई करणाऱ्याची?

अधेमधे: जरा अवांतर. बहुतेक माशांचा निळा रंग म्हणजे प्रकाशाची करामत असते. याच्या पेशींत मात्र खरंच निळं रंगद्रव्य आहे. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी घाण वासाचा, विषारी बुळबुळीत थर. चालू द्या.

प्रवाळवेडा: @टाकीवाला, तुमचा जगला हो, पण मागे राहिलेल्यांचं काय? कातरवेळी नर-मादी गालाला गाल लावून ढिगाऱ्यातून हळूहळू मीटरभर वर येतात, अंडी सोडतात आणि झपकन खाली पळतात. माद्या मोठ्या नराला पसंती देतात. फिलिपिन्समध्ये छोट्या भाल्यानं हे मासे पकडतात, आणि गिऱ्हाइकालाही मोठा, तुरेवाला नरच हवा असतो. मग तिथे उरतात ते किरकोळ नर.

टाकीवाला: भाल्याचा मुद्दा मान्य, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण आता टाकीत जन्मलेली पिल्लंही मिळतात, लहानपणापासून तयार खाद्याला सरावलेली. हौशी लोकांनी खटपट केली म्हणूनच ना हे जमलं? सरसकट विक्री बंद केलीत तर ती पैदासही थांबेल.

प्रवाळवेडा: पैदाशीच्या पिल्लांना माझी हरकत नाही, वरचं वाक्य तेवढ्यापुरतं मागे घेतो. पण ती महाग पडतात आणि शेजारच्या काचेत पकडून आणलेला स्वस्तात असतो. तुमचा तीन वर्षांचा नर यांपैकी कुठला?

टाकीवाला: पकडून आणलेला. तेव्हा विचारायचं सुचलंच नव्हतं.