प्रार्थनेला शब्दच येत नाहीत, काय करू?

नगरची सून: यांना पॅरालिसिसचा झटका येऊन चार महिने झाले. उजवा हात आणि बोलणं गेलं, शिलाईचं मशीन झाकून ठेवलंय. रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर बायका हात धरतात, 'देवाची इच्छा, ताई' म्हणतात. मी मान हलवते. घरी यांचा लाळेनं भिजलेला टॉवेल पिळताना मात्र देवाचा भयंकर राग येतो. प्रार्थनेला बसलं की डोक्यात फक्त फिजिओथेरपीचे चारशे रुपये. विश्वास संपला का माझा?

केडगावकर: ताई, बायबलमधलं स्तोत्र ८८ काढा. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी सावरतात, हे नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, कुणी खोडलं नाही. आमच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचंच बघा. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये नवरा, १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही. 'देवाची इच्छा' एवढ्यावर गप्प बसणारी बाई नव्हती ती!

काका_वसई: राग देवालाच सांगा, पचवतो तो. पण पाळकांना चारशेचंही सांगा, लाजू नका. मंडळीत दान गोळा होतं ते कशासाठी? माझ्या बायपासच्या वेळी प्रार्थना पुष्कळांनी केली, डबा एकीनंच आणला. दोडक्याची भाजी होती. (मला दोडका आवडत नाही, तरी.)

नगरची सून: ८८ रात्री यांना वाचून दाखवलं. डाव्या हातानं माझं बोट दाबलं, पुन्हा वाच अशी खूण केली. पाळकांना उद्या फोन करते.